टिलव्याचं माहेर

‘आर्क्टिक’ या शब्दात एक अस्वल दडलेलं आहे. ध्रुवावरचं पांढरं अस्वल नव्हे, आकाशातलं. ग्रीक भाषेत अस्वलाला ‘आर्क्तोस’ म्हणतात. उत्तरेच्या ज्या ताऱ्यांत आपल्याला सात ऋषी दिसले, त्यांत ग्रीकांना अस्वल दिसलं, आणि त्या अस्वलाखाली पसरलेला मुलूख तो आर्क्टिक. मराठी वाचकाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. ग्रीक ‘आर्क्तोस’, लॅटिन ‘उर्सुस’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’ ही एकाच घरातली भावंडं. शिवाय आकाशात अस्वल पाहणारे एकटे ग्रीक नव्हते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या वरुणसूक्तात रात्री उंचावर दिसणारे आणि दिवसा नाहीसे होणारे ‘ऋक्ष’ येतात. शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. अस्वलांचे ऋषी कधी झाले हा वेगळा विषय. ‘ऋक्ष’ आणि ‘ऋषी’ यांच्या उच्चारातल्या जवळिकीने त्यात हातभार लावला असावा, असं मला वाटतं.

पुढे प्राकृतात ऋक्षाचे दोन फाटे फुटले. एक ‘रिच्छ’, ज्याचा हिंदीत रीछ झाला आणि मराठीत रीस. रीस आता मोल्सवर्थच्या कोशापुरता उरला आहे. दुसरा ‘अच्छ’. त्याला अस्वलाचाच वाचक असलेला ‘भल्ल’ जोडून ‘अच्छभल्ल’ झाला, आणि व्युत्पत्तिकार आपल्या ‘अस्वल’ची वाट तिथपर्यंत नेतात. म्हणजे कोयना-चांदोलीच्या रानात वारुळं उकरणारं अस्वल आणि भूगोलाच्या पुस्तकातलं आर्क्टिक वृत्त हे शब्दाच्या नात्याने चुलत भाऊ लागतात.

गंमत अशी, की जे लोक खरोखर त्या अस्वलाच्या मुलखात राहिले त्यांनी हा शब्द टाकून दिला. रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. त्याचे तुकडे पाडले तर मध आणि खाणारा. संस्कृतात ‘मधु’ आणि ‘अद्’. खरं नाव घेतलं तर जनावर समोर येईल, ही भीती. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता लांबडं किंवा नुसतं जनावर म्हणतात, आणि साप चावला असं न म्हणता पान लागलं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. भीती दूर असली की नाव टिकतं. ग्रीकांकडे आणि आपल्याकडे ते टिकलं.

या ऋक्षांवरून एका मराठी माणसाने फार मोठी उडी घेतली होती. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. वरुणसूक्तातले ऋक्ष ‘उंचावर’ ठेवलेले आहेत. सप्तर्षी डोक्यावर दिसायचे तर पाहणारा ध्रुवाजवळ हवा. म्हणून वैदिक आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं, असा त्यांच्या युक्तिवादातला एक दुवा. विद्वानांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही, आणि स्वीकारण्यासारखा तो नव्हताच. पण टिळक माणसांऐवजी पाखरांबद्दल बोलत असते तर त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं असतं. आर्क्टिकमध्ये जन्मलेले जीव आजही दरवर्षी साताऱ्या-सांगलीत उतरतात. खटाव तालुक्यातल्या येरळवाडीच्या धरणाचं पाणी हटत जातं, तसे उघड्या पडणाऱ्या गाळावर ते धावत असतात.

त्यांच्याकडे वळण्याआधी ‘टुंड्रा’ या शब्दाशी थोडं थांबू. शाळेत आपण तो रेनडिअर, शेवाळ आणि इग्लूबरोबर पाठ केला. (इग्लू म्हणजे तिथल्या भाषेत नुसतं ‘घर’; बर्फाचं असलंच पाहिजे असं नाही.) टुंड्रा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, इंग्रजीत रशियनमधून, आणि रशियनने तो घेतला उत्तर स्कँडिनेव्हिया आणि कोला द्वीपकल्पातल्या सामी लोकांकडून. फिनिश भाषेतला ‘तुन्तुरि’ त्याचाच सोयरा. मूळ अर्थात बर्फ नाही, थंडीही नाही. झाडं नसलेला उंच माळ, एवढंच. आणि या अर्थाला सातारकरांकडे एक नाही, तीन शब्द आहेत. पठार, जे संस्कृत ‘प्रस्तर’पासून आलं आणि कासमुळे जगाला कळलं. माळ, जो ‘माल’ या रूपात कालिदासाच्या मेघदूतातही भेटतो. आणि सडा. जांभ्याचा उघडा, सपाट माथा म्हणजे सडा. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरने हा शब्द गावाच्या नावातच बांधून ठेवला आहे. टुंड्रावर झाडं नाहीत ती गोठलेल्या जमिनीमुळे, सड्यावर नाहीत ती खडकावरच्या वीतभर मातीमुळे. कारणं वेगळी, पण सामी मेंढपाळाला, म्हणजे रेनडिअरपाळाला, सडावाघापूरला आणून उभं केलं तर श्रावणातलं धुकं आणि गवत पाहून तो बहुधा त्याचाच शब्द उच्चारेल.

आता समजा, सांगलीतला पक्षिमित्रांचा एक गट जून महिन्यात त्या सामी मुलखात गेला. उत्तर नॉर्वेतलं वारांगर द्वीपकल्प हे त्यासाठी जगभरातल्या पाखरवेड्यांचं आवडतं ठिकाण आहे. (पक्षिमित्र हा मराठीने घडवलेला सुरेख शब्द. इंग्रजीत माणूस पक्ष्यांकडे नुसता पाहतो. मराठीने त्याला एकदम मित्र केलं, सर्पमित्रासारखं. आणि समासात तो ‘पक्षि’ ऱ्हस्वच लिहावा, ही माझी जुनी खोड.) गळ्यात दुर्बिणी. हा शब्द फारसी, दूरचं पाहणारी. सूर्य मावळत नसल्यामुळे रात्री झोप कुणालाच नाही. आणि समोर जे पक्षी आहेत ते सगळे ओळखीचे, पण एकही ओळखता येत नाही.

उदाहरणार्थ रफ. आपल्याकडे तो हिवाळ्यात तलावांच्या काठी दिसतो. मातकट, लांब मानेचा, बारीक डोक्याचा, पाहून विसरून जावा असा. वारांगरला त्याच रफच्या नराने मानेभोवती पिसांची भलीमोठी झालर लावलेली असते, कुणाची काळी, कुणाची तांबूस, कुणाची पांढरी. नर ठरलेल्या मैदानात जमून माद्यांपुढे दिमाख दाखवतात. त्या मैदानाला ‘लेक’ म्हणतात. तो स्वीडिश शब्द आहे, अर्थ खेळ. आपल्या लेकीशी त्याचा संबंध नाही. रफ हे नाव त्या झालरीचं. युरोपात पूर्वी गळ्याभोवती चुणीदार कॉलर घालत, त्या कॉलरचं. आपण मराठीत त्याला ‘रफ’च म्हणतो, किंवा कुणी केसाळ वगैरे विशेषण लावून भाषांतर करतो. पण सातारा-सांगलीत या पक्ष्याला झालर कधीच नसते. जे इथे दिसतच नाही त्याचं नाव घेऊन आपण त्याला हाक मारतो.

इथे मला जे म्हणायचं आहे ते आलं. नाव हे पक्ष्याचं वर्णन नसतं, नाव देणारा कुठे उभा होता त्याचं वर्णन असतं. पाणथळीतल्या या किनारपाखरांची इंग्रजी नावं बरीचशी विणीच्या वेशावरून पडलेली आहेत: लाल मानेचा, सोनेरी, झालरीचा. तो वेश ही पाखरं टुंड्रावर किंवा तिकडे जाताना चढवतात. आपल्याकडे ती उतरलेल्या, राखाडी कपड्यांत राहतात. म्हणून अस्सल मराठी नावं रंगांची नाहीतच. ती आवाजाची आहेत, चालीची आहेत, आणि चिखलाची आहेत.

तुतवार घ्या. पाण्याच्या कडेकडेने शेपूट हलवत फिरणारा, उठवला की ‘तू-तू-तू’ करत पाण्यालगत उडणारा. कुणी त्याला तुतारीही म्हणतात. इंग्रजीतही हा पक्षी वाळूतला पावा वाजवणाराच आहे. तिथे पावा, इथे तुतारी. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला पाव्यापेक्षा तुतारी जवळची, यात नवल नाही. चिखल्या तर पाहताक्षणी पटतं. धावतो, थबकतो, वाकतो, पुन्हा धावतो, सगळं चिखलात. त्याच्या कुळाचं इंग्रजी नाव लॅटिनमधल्या पावसावरून आलं आहे, कारण युरोपात त्यांचे थवे पावसाबरोबर येतात असं मानत, असं सांगतात. त्यांनी पाऊस पाहिला, आपण पाऊस ओसरल्यावरचा चिखल पाहिला. दोघंही खरं बोलले. सैबेरियाच्या टुंड्रावर वीण करणाऱ्या त्यांच्यातल्या एकाला मराठीत सोन चिखल्या म्हणतात. ‘सोन’ हे विशेषण इथेही थोडंफार निभावतं, कारण हिवाळ्यातही त्याच्या पाठीवर सोनेरी ठिपके राहतात. पोटाचा काळा रंग मात्र आपल्याला क्वचितच दिसतो, आणि नावातही तो नाही.

परीट हेही तसंच. शेपटी सतत वरखाली आपटणारा, सांगलीत कृष्णेच्या घाटावर परटांच्याच शेजारी हिंडणारा. पांढरा परीट उत्तरेत पार आर्क्टिकच्या उंबऱ्यापर्यंत वीण करतो. संस्कृतात तो खंजन, आणि कवींना त्याच्यात स्त्रीचे चंचल डोळे दिसले, शेपटी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत खंजनाच्या पहिल्या दर्शनाचे शकुन सांगायला एक अध्याय खर्च केला आहे. म्हणजे सहाव्या शतकातही हा पक्षी ठरावीक ऋतूत ‘येतो’, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

माझ्या या म्हणण्याला बदकांनी मात्र छेद द्यायला हवा होता. बदकांची मराठी नावं चांगली रूपावरून पडलेली आहेत. तलवार बदक: नराच्या शेपटीतून निघालेलं लांब, टोकदार पीस. थापट्या: चोच पुढे चपटी आणि रुंद, थापटायला घ्यावी अशी. भुवई बदक: डोळ्यावरून मानेपर्यंत ओढलेली पांढरी रेघ. एवढी नेमकी नावं बदकांना, आणि किनारपाखरांना मात्र सरसकट तुतवार, चिखल्या. कारण काय? एक तर बदकं खाल्ली जात, आणि जे ताटात येतं त्याला नाव लवकर मिळतं. पण दुसरं कारण मला जास्त पटतं. बदकं जोड्या जमवतात ती हिवाळ्यात. तलवार बदकाचा नर सैबेरियाच्या टुंड्राकडे निघण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबरातच, नवरदेवाच्या पोशाखात मायणीच्या तलावावर फिरत असतो. तलवार आपल्याला दिसते म्हणून ती नावात आली. भुवई बदक टुंड्रातलं नव्हे, त्याची वीण खाली समशीतोष्ण मुलखात. पण त्याच्या नराची भुवईसुद्धा हिवाळा सरता सरता, निघण्याआधी इथेच उमटते. छेद जायच्या ऐवजी मुद्दा पक्काच झाला: जे दिसलं त्याचं नाव पडलं.

शब्दही स्थलांतर करतात, आणि पक्ष्यांसारखे ते ठरल्या जागी परततातच असं नाही. चक्रांग पाहा. आज मराठीत चक्रांग म्हणजे एक छोटं हिवाळी बदक. अमरकोशात तोच शब्द हंसाचा पर्याय आहे. हंसाचं नाव उतरत उतरत वीतभर बदकाला मिळालं. आणि खुद्द हंस? लॅटिन ‘आन्सेर’, जर्मन ‘गान्स’, इंग्रजीतला गूझ आणि संस्कृत ‘हंस’ हे एकच शब्द आहेत, आणि त्या सगळ्या भाषांत त्याचा अर्थ एकच: गवत खुडणारा, करड्या रंगाचा, आखूड मानेचा पक्षी, ज्याचे बरेच भाईबंद टुंड्रावर अंडी घालतात. मराठी मनातला हंस मात्र पांढराशुभ्र आणि लांब वळणदार मानेचा आहे. ती मान आपल्याकडे चित्रांतून आली. राजा रविवर्म्याच्या दमयंतीसमोरचा हंस आठवा. परिणाम असा, की उजनीच्या पाण्यावर खरा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, शेकड्याने उतरतो आणि आपण त्याला हंस म्हणायला तयार नसतो. त्याला पट्टकादंब म्हणतो. कादंबही संस्कृतातला जुना, सुंदर शब्द आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण अमरकोशात हंसाचं आणखी एक नाव आहे, ‘मानसौकस’: मानस सरोवर हे ज्याचं घर तो. हा पट्टकादंब तिबेटच्या सरोवरांकाठीही वीण करतो. रूप नाही, आवाज नाही, थेट पत्ता सांगणारं हे नाव. असं दुसरं नाव मला आठवत नाही. पुढच्या कुणी आपल्याकडे येणाऱ्या पाखरांचे पत्ते विचारले नाहीत.

पत्ता विचारायचाच तर टिलव्याचा विचारावा. छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. त्याचं नावही एकट्याचं नाही, याद्यांत टिलवा इतर पाणथळ पक्ष्यांनाही लावलेला आढळतो. पण कानाला ते टिल्लू-टिल्लीच्या घरातलं वाटतं आणि या पाखराला शोभतं. (पाखरू म्हणजे ‘पक्षिरूप’, जसं वासरू म्हणजे ‘वत्सरूप’. त्या ‘रू’मध्ये आकाराबरोबर माया आलेली आहे.) त्याचा जन्म नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियाच्या तैमिरपर्यंत कुठेतरी. तैमिरपासून साताऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली तरी सहा हजार किलोमीटरांच्या वर भरते. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात हे टिलवे दख्खनमध्ये उतरू लागतात. येरळा नदी खटावातून निघून तासगावच्या बाजूने खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, तिच्या बंधाऱ्यांवर, सांगलीजवळ हरिपूरच्या संगमाच्या गाळावर ते एप्रिलपर्यंत असतात, काही तर मे उजाडेपर्यंत.

दर नोव्हेंबरात वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर मथळा येतो: ‘परदेशी पाहुण्यांचं आगमन’. पाहुणा हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’पासून आला आहे, येऊन-जाऊन असणारा. आता हिशेब मांडू. टिलवा टुंड्रावर पोचतो जूनच्या सुरुवातीला, आणि मोठे पक्षी जुलैतच परतीला लागतात. वर्षातले दोन महिने तिथे, सात-आठ इथे, बाकीचे वाटेत. मग पाहुणा तो कुठला?

मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो आपण वापरत नाही. माहेर. मूळ ‘मातृगृह’, आईचं घर. जिथे जन्म झाला आणि जिथे बाळंतपणाला जायचं ते. टुंड्रा हे टिलव्याचं माहेर आहे, आणि नांदणं इथलं. फरक एवढाच की या माहेरी जावईही जातो, आणि नुसता मिरवत नाही. टेमिंकचा टिलवा म्हणून याचा एक भाऊ आपल्याकडे गोड्या पाण्याच्या कडेला हमखास असतो. त्याची मादी पहिली अंडी नरावर सोपवते, दुसरीकडे आणखी अंडी घालून ती स्वतः उबवते. आपल्याकडे काठाने खाली मान घालून चिखल चिवडणारा हा मुखदुर्बळ पक्षी तिकडे हवेत एका जागी पंख थरथरवत गातो. आणि पोरं? मोठी मंडळी आधी निघून येतात, पिल्लं काही आठवड्यांनी मागून. कुणी वाट दाखवायला नसतं. कधी न पाहिलेल्या येरळवाडीकडे ती आपली आपण येतात.

मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांच्या जगासाठी काकागार, सारंगागार असे शब्द रुजवले. कावळ्यांची वस्ती, बगळ्यांची वस्ती. ते रुजले, कारण त्यांनी आधी रानातल्या माणसांचं ऐकलं आणि मग संस्कृतकडे वळले. सातारा जिल्ह्याला शब्दांचं हे काम नवं नाही. मराठी विश्वकोश घडला तो कृष्णेकाठी वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. माणदेशाने व्यंकटेश माडगूळकरांसारखा, पाखरांना नावानिशी ओळखणारा लेखक दिला. तरी किनारपाखरांच्या मराठी याद्या आज भाषांतरानेच भरल्या जात आहेत. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी या तलावांना २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव म्हणून संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. तिथल्या फलकांवर नावं लिहिताना झालर आणि लाल मान लिहू नये, इथे दिसणारं लिहावं.

या हिवाळ्यात या तलावांवर गेलात आणि काठावरच्या मासेमाराने किंवा मेंढक्याने एखाद्या चिखलातल्या पाखराला वेगळंच नाव दिलेलं ऐकलंत, तर ते गावाच्या नावासह लिहून ठेवा, आपल्याला पटो न पटो. आणि बातमी करणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘परदेशी पाहुणे आले’ हे खोडा, ‘टिलवे परत आले’ असं लिहा.